सरासरीपेक्षा उबदार जानेवारी

१ जानेवारी

आजपासून नोंदी. निव्वळ शास्त्रीय. भावना, तक्रारी आणि खाण्यापिण्याचे उल्लेख पूर्ण टाळायचे.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो. ही दरवर्षी थंडीत गुडघे धरून धाकट्या भावाकडे जाते. तिकडे समुद्र आहे, थंडी नाही. यंदा जाताना म्हणाली, भावाच्या खालचा फ्लॅट रिकामा झालाय, आपण दोघंही कायमचे तिकडेच जाऊ, इथली थंडी आता मला सोसत नाही. मी म्हटलं, थंडी पूर्वीसारखी राहिलेलीच नाही, तुझा भ्रम आहे. म्हणाली, मग सिद्ध करा. महिनाभर मोजा आणि रोज संध्याकाळी फोन करून आकडा सांगा. जानेवारी सरासरीपेक्षा उबदार निघाला तर मी परत येते. नाहीतर तुम्ही सामान बांधा.

मोजमापाच्या बाबतीत मला आव्हान द्यायला नको होतं तिनं. स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात मी जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलं. पत्रा केसभर पातळ निघाला की अख्खा लॉट परत. हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही.

चहा स्वतः केला. साखर सापडली नाही. (खाण्यापिण्याचा उल्लेख. उद्यापासून बंद.)

२ जानेवारी

यंत्र आलं. सेन्सर गच्चीवर ठेवायचा, आकडा घरात उशाशी दिसतो. मधे वायरसुद्धा नाही. हवामान खात्याची आमच्या भागाची जानेवारीची सरासरी, किमान तापमानाची: १०.२. ही तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. तीस वर्षांच्या खाली सरासरीला कोणी विचारत नाही म्हणे. आमच्या लग्नालाही तीस वर्षं झाली, पण त्याच्या नोंदी कोणी ठेवलेल्या नाहीत.

सेन्सरला थेट ऊन-वारा लागू नये म्हणून पेटी लागते. सुतार म्हणाला, महिनाअखेरीला देतो. म्हणजे थंडी संपल्यावर. शेवटी चपलांचं जुनं लाकडी कपाट गच्चीवर नेलं. दाराला फटी आहेत, हवा खेळते. खिट्टी तुटली आहे, तेही पथ्यावरच पडलं. सेन्सरला हादरे बसू नयेत म्हणून तळाशी घरातली सगळ्यात जाड वस्तू अंथरली. माझा तपकिरी स्वेटर. विज्ञानासाठी एवढं करायलाच हवं.

जिन्यात शेजारचे गृहस्थ भेटले. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये आक्षेप घेतात म्हणून मी त्यांना मनातल्या मनात आक्षेप म्हणतो. कपाट गच्चीवर ठेवण्याला त्यांचा आक्षेप आहे.

३ जानेवारी

किमान ७.९. सरासरीच्या बरंच खाली. चिंतेचं कारण नाही. महिना अजून रुळायचाय.

हिला फोन केला. फोनवर बोलणं माझ्या स्वभावात नाही. एरवी ही भावाकडे गेली की आठवड्यातून एकदा, तेही काहीतरी सापडत नसेल तर. आकडा सांगितला. बरं म्हणाली. साखर पिठाच्या डब्यामागे आहे म्हणाली.

निश्चय: उद्यापासून पहाटे फिरायला जाणे. थंडी नाही हे आधी स्वतःच्या शरीराला पटवलं पाहिजे.

४ जानेवारी

७.१. फिरायला गेलो नाही. निरीक्षकानं आपली ताकद राखून ठेवावी.

५ जानेवारी

६.८. फिरायला निघालो. फाटकापर्यंत गेलो. फाटक लोखंडी आहे, हात लावल्यावर परत आलो.

६ जानेवारी

६.५. हिला फोनवर समजावून सांगितलं की नव्या यंत्राचा पहिला आठवडा जगभर ट्रायल धरतात, सरासरीत घेत नाहीत. मला वाटलं वाद घालेल. लगेच हो म्हणाली. वर विचारलं, जेवलात का? विषयांतर करण्याची तिची जुनी सवय आहे.

७ जानेवारी

स्वेटर गच्चीवर असल्यामुळे हिचं जांभळं कार्डिगन घातलं. बटणं उलट्या बाजूला आहेत, बाकी काही त्रास नाही. दूध घ्यायला दार उघडलं तर समोर आक्षेप. बघत राहिले. मी म्हटलं, प्रयोग चालू आहे. त्यावर त्यांनी आक्षेप घेतला नाही, हे जास्त लागलं.

निश्चय: उद्यापासून गार पाण्यानं आंघोळ.

८ जानेवारी

नळ सोडला. नळ आणि मी बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. आंघोळ उद्या.

९ जानेवारी

१७.३!

दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. सरासरीपेक्षा सात अंशांनी जास्त. महिना रुळला.

हिला सकाळीच फोन केला, संध्याकाळपर्यंत थांबवेना. म्हणाली, अगंबाई, एकदम एवढा? मी म्हटलं, निसर्ग एकदम बदलतो. म्हणाली, काळजी घ्या. कसली काळजी? उकाड्याची?

१० जानेवारी

१९.८. पेपरात मात्र आमच्या भागात थंडीची लाट, किमान ५.९. खात्याचं यंत्र विमानतळाजवळ आहे. विमानतळावर राहतं कोण?

आंघोळ नाही. नळाचं पाणी गार होतं. पाणी जमिनीखालून येतं, त्याचा हवामानाशी संबंध नाही.

११ जानेवारी

२१.४. सोसायटीच्या बोर्डवर नोटीस लावली: यंदाचा जानेवारी सरासरीपेक्षा अकरा अंशांनी उबदार असून रहिवाशांनी अफवांवर विश्वास ठेवून विनाकारण गरम कपडे घालू नयेत. खाली सही.

दुपारी बघितलं तर नोटिशीच्या खिळ्याला कोणीतरी कानटोपी अडकवली होती. कोणाची म्हणून चौकशी केली. कोणी बोलेना. घरी आणून घातली.

१२ जानेवारी

२२. आक्षेप म्हणाले, एकदा गच्चीवर जाऊन यंत्र बघून का येत नाही? ज्यांना शास्त्र माहीत नसतं त्यांना हे सुचतं. निरीक्षकानं यंत्राजवळ वारंवार जाऊ नये. अंगाची ऊब लागून आकडा चढतो. मी अंथरुणातूनच वाचतो, दोन ब्लँकेटांच्या आतून, म्हणजे माझी ऊब बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही.

मला जी थंडी वाजते ती वैयक्तिक आहे. तिची नोंद वेगळी ठेवायला हवी.

१३ जानेवारी

२२.६. हिनं फोनवर आकडा ऐकून घेतला आणि मग सांगितलं की तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. तिकडच्या डॉक्टरांनी एकोणीस तारीख दिली आहे. भाऊ आहे, वहिनी आहे, तसं काही नाही, वीस मिनिटांचं काम. मग म्हणाली, येताय का?

मी परिस्थिती मांडली. यंत्र फक्त चोवीस तासांची आठवण ठेवतं. मी गेलो तर मधले दिवस कोरे. नोंदीत भोक पडलं की महिना बाद, महिना बाद की सरासरी नाही, सरासरी नाही की सगळंच ओमफस्. आणि हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय.

बरं म्हणाली. तिला पटलं.

१४ जानेवारी

२३.१. ऑपरेशनचं आक्षेपांच्या कानावर गेलंय. हिनं त्यांच्या बायकोला फोन केला असणार. स्वतःहून म्हणाले, तुम्ही खुशाल जा, रोज सकाळी आकडा मी लिहून ठेवतो. मी नम्रपणे नकार दिला. निरीक्षक बदलला की नोंद बदलते. आणि हा माणूस प्रत्येक आकड्यावर आक्षेप घेईल.

त्यांच्या बायकोचं वेगळंच. सोसायटीतली करडी मांजर हल्ली दुधाला येते, घाईघाईनं पिते आणि वर पळते, दिसली का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, मी सध्या हवामान बघतो.

१६ जानेवारी

२३.५. काल नोंद लिहिली नाही. बोटं वळत नव्हती. आकडा पाठ आहे: २३.३.

हिला विचारायचं होतं, भीती वाटते का? विचारलं नाही. आकडा सांगून झाल्यावर तोच आकडा परत एकदा सांगितला. मग ती म्हणाली, ठेवू? मी म्हटलं, ठेव.

१८ जानेवारी

२४. निश्चय: उद्या शांत राहणे. वीस मिनिटांचं काम आहे. कारखान्यात आम्ही तेवढ्या वेळात डझनभर डबे पास करायचो.

१९ जानेवारी

ऑपरेशनचा दिवस. किमान २४.६, या महिन्याचा विक्रम.

सकाळपासून यंत्रासमोर बसून आहे. दूध उतू गेलं. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं. थंडीमुळे नसावं, कारण थंडी नाही.

दुपारी मेहुण्यांचा फोन. सगळं व्यवस्थित झालं भाऊजी, ताई आता झोपली आहे. ऑपरेशनला नेताना विचारत होती, ह्यांचा फोन आला का? मी म्हटलं, तिला सांगा, आज २४.६ आहे. मेहुणे म्हणाले, सांगतो.

फोन ठेवल्यावर वाटलं, दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं. काय ते आठवेना.

२० जानेवारी

आतापर्यंतच्या आकड्यांचा आलेख काढून हिला फोनवर पाठवला. सरासरीची रेघ लाल, आपली निळी. मेहुण्यांचं उत्तर: ताईच्या डोळ्यावर पट्टी आहे. आलेख मोठा करून परत पाठवला.

२२ जानेवारी

२५. हिचा आवाज बरा वाटला. आकडा ऐकून म्हणाली, छान. पण पूर्वीसारखं अगंबाई वगैरे नाही. डोळ्यातल्या थेंबांमुळे असेल.

आंघोळीचा निश्चय औपचारिकरीत्या रद्द.

२४ जानेवारी

३३.४! जानेवारीत! उन्हाळ्याची चाहूल म्हणावी तर हा उन्हाळाच आहे. खात्याला कळवायला हवं. पत्राचा मसुदा मनात तयार आहे, शाई गोठलीय.

महिना संपायला आठवडा उरलाय. आता आभाळ कोसळलं तरी सरासरी खाली येत नाही. ही परत येणार. घर आवरायला घेतलं पाहिजे. उद्यापासून.

२५ जानेवारी

सकाळी आक्षेपांनी बेल वाजवली. पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले होते. म्हणाले, अभिनंदन, तुमच्या यंत्राला चार पिल्लं झाली आहेत.

कपाट ठेवल्यापासून पहिल्यांदाच गच्चीवर गेलो. काय बोचरा वारा होता. कपाटाचं दार ढकललं. तपकिरी स्वेटरवर करडी मांजर आडवी, तिच्या पोटाशी चार गोळे, आणि सगळ्यांच्या मधोमध, उबेत, सेन्सर. एक पिल्लू त्याला आई समजून चोखत होतं.

मांजरीनं माझ्याकडे बघितलं. मी दार होतं तसं लोटलं.

जन्मभर डबे तपासले. हा एकच उघडून बघितला नाही.

संध्याकाळी फोन केला नाही.

२६ जानेवारी

घाबरण्याचं कारण नाही. मांजरीचं तापमान ठरलेलं असतं. ते वजा केलं की गच्चीचं खरं तापमान मिळणार. वजा केलं. उणे पाच आलं. पिल्लं धरली तर प्रश्नच मिटला.

दुसरा मार्ग: मांजर हाही निसर्गाचाच भाग आहे, मग तिची ऊब हवामानात का धरू नये? हा मुद्दा आक्षेपांपुढे मांडला. ते म्हणाले, मांडा मीटिंगमध्ये. त्यांच्या बायकोनं आतून हसणं दाबलं.

आजही फोन केला नाही.

२७ जानेवारी

खात्याचे सगळे आकडे पेपराच्या रद्दीतून शोधून काढले. महिनाभर थंडीच थंडी. मी हरलो. एवढंच नाही, रोज संध्याकाळी मी तिला मांजरीचं तापमान सांगत होतो.

सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर ती पहिल्या तारखेला येईल, या गारठ्यात, दुखरे गुडघे आणि नुकतं ऑपरेशन झालेला डोळा घेऊन. मला ती यायला हवी आहे. पण अशी नको.

घर फार मोठं वाटतं. आधी कधी असं वाटलं नव्हतं. हे शास्त्रीय नाही, पण राहू दे.

२८ जानेवारी

तिचाच फोन आला. म्हणाली, तीन दिवस आकडा नाही, बरे आहात ना? मी सगळं सांगितलं. कपाट, स्वेटर, मांजर. पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकं हसली की वहिनी धावत आली, डोळ्यावर ताण येईल म्हणून तिला ओरडली. मग विचारलं, पिल्लं कोणत्या रंगाची आहेत?

मी म्हटलं, म्हणजे सामान बांधायला घेतो. ती म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं चार तारखेला आहे. मी म्हटलं, येतो. म्हणाली, आणि नोंदी? मी म्हटलं, त्या मांजर ठेवेल.

३१ जानेवारी

महिना संपला. अधिकृत किमान सरासरी ८.६. तीस वर्षांची १०.२. आमचा जानेवारी सरासरीपेक्षा थंड. लिहून टाकलं.

भांडी बांधायला काढली. एकेक डबा हातात घेतला की ठेववेना. बहुतेक सगळे मी पास केलेले. तिकडे दमट हवेत झाकणं घट्ट होतात म्हणे. घर सोडायचं तर सोडायचं. शब्द म्हणजे शब्द.

आक्षेप म्हणाले, मांजरीचं आम्ही बघू. कपाट मात्र गच्चीवरच राहू दे. कपाट हलवण्याला आता त्यांचा आक्षेप आहे.

३ फेब्रुवारी

हिच्या भावाकडे पोचलो. इमारतीचा जिना चढताना खालच्या फ्लॅटसमोर लहान मुलांचे बूट दिसले, दारात सायकल, आतून रडण्याचा आवाज. मला वाटलं मजला चुकला.

दार हिनंच उघडलं. माझ्या अंगावर कानटोपी, दोन शर्ट, वर जांभळं कार्डिगन, आणि आत सगळे पंखा लावून बसलेले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं मला नीट बघितलं. म्हणाली, एवढे म्हातारे कधी झालात? मी म्हटलं, याच महिन्यात.

खालच्या फ्लॅटचं विचारलं. म्हणाली, तो केव्हाच गेला. इथं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भावाला नको म्हणून सांगितलं होतं. इथं फार उकडतं, रात्रभर पंख्याची घरघर, आणि माझी भांडी तिकडे. मी म्हटलं, मग मी महिनाभर कुडकुडलो कशाला? सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर रोज फोन केला असतात?

आमच्या घराकडचं तापमान ती रोज सकाळी भावाच्या फोनवर बघत होती. मी तिला पंचवीस म्हणून सांगितलं त्या दिवशीही तिला सहा माहीत होतं.

मी कानटोपी काढली. मग तीच म्हणाली, तीस वर्षांच्या नोंदी माझ्याकडेही आहेत. फोनच्या बाबतीत तुम्ही यंदा सरासरीच्या खूप वर होतात. एकोणीस तारखेला मात्र, ऑपरेशनच्या दिवशी, सरासरीवर आलात.

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चुकलो. हा शब्द मी याआधी कधी वापरला होता ते आठवत नाही. तिनं माझ्या कार्डिगनची बटणं काढली, उलटी असल्यामुळे माझ्याच्यानं निघत नव्हती, आणि म्हणाली, पाणी तापलंय, आधी आंघोळ करा. किती दिवस झाले ते विचारत नाही.

डोळा बरा झाला की दोघंही घरी परत. थंडी असेल तशी.

उद्या ऑपरेशन. मी बाहेर बाकावर बसणार, वीस मिनिटं लागोत नाहीतर दिवस लागो. मेहुणे म्हणतात, दवाखान्यात एसी फार असतो, काहीतरी गरम घाला. कार्डिगन हिनं धुवायला टाकलं. स्वेटर मांजरीकडे आहे.